वंगणाची नळी

भाऊसिंगच्या दमणीचं चाक कधी कुरकुरलं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस वाशिमात सापडला नसता. बाजाराच्या दिवशी बाकीच्या बैलगाड्या अशा रडत यायच्या, की जणू कुणाच्या तेराव्यालाच निघाल्यात. भाऊसिंगची दमणी मांजरीच्या पावलानं यायची. जिनवाल्या शेटच्या दारात बैलांनी फुरफुर केली, की मग घरात कळायचं, आली म्हणून.

याचं सारं श्रेय दमणीखाली लटकणाऱ्या वंगणाच्या नळीला. बांबूचं एक पेर, आत एरंडेलात कालवलेली कडब्याची काळी राख, आणि घालायला एक काडी. कोरडं चाक फिरवणं म्हणजे मुक्या बैलाच्या मानेवर पाप लादणं, असं त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. देवाला हात जोडायचं भाऊसिंग एखाद्या दिवशी विसरायचा, चाकाला वंगण घालायचं विसरला नाही. त्याची बायको धुरपताबाई म्हणायची, की या घरात बाईच्या डोक्याला बोटभर तेल नाही, पण चाकांचे लाड पाहून घ्या.

निजामाचं राज्य गेल्यावर तिकडच्या कुणा नवाबानं आपला तबेला मोडीत काढला, त्यात एक विलायती मोटार निघाली. शेटनं ती उचलली. लांबलचक नाक, तारांची चाकं, दोनच माणसं ऐसपैस बसतील अशी बैठक. शर्यतीत पळायला घडवलेली ती गाडी वयानं उतरली होती, पण अंगातली रग गेली नव्हती. शिरपूरच्या सडकेवर मोकळी सोडली, की मागं नुसता धुरळा. वाशीमकरांनी तिचं लगेच बारसं केलं. नाव ठेवलं नवाबीण.

ती हाकायला शेटनं भाऊसिंगचा पोरगा लालसिंग ठेवला. लालसिंग अकोल्याला कापसाच्या लॉरीवर शिकून आलेला. बापानं दमणी हाकावी आणि लेकानं नवाबीण, याचा भाऊसिंगला केवढा तोरा. तो बोलून दाखवत नसे, पण नवाबीण समोरून आली की दमणी सडकेच्या खाली घेऊन उगाच उभा राहायचा. बैलांना पाहू देतो, म्हणायचा.

दिवाळी उलटल्यावर शेट शिरपूरला जैन मंदिरात दर्शनाला गेले. ते मोटारीतून, घरचं सामानसुमान आदल्या रात्रीच निघालेल्या भाऊसिंगच्या दमणीतून. पोहोचल्यावर शेटच्या ध्यानात आलं, की चष्मा घरीच राहिला. लालसिंग घोटभर पाणी प्याला आणि एकटाच नवाबीण घेऊन उलट वाशिमकडं निघाला. अर्ध्या वाटेत, सरळसोट सडकेवर, उजव्या अंगाला उभ्या असलेल्या बाभळीवर जाऊन आदळला. उजवी बाजू चेपली. लालसिंगचा उजवा पाय अकोल्याच्या दवाखान्यात मांडीपासून कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर तो एकच सांगत राहिला. वासरू आडवं आलं, ब्रेक दाबला, तशी गाडी उजवीकडं उसळली. पण वासरू कुणी पाहिलं नव्हतं, आणि वासराची साक्ष काढायची कुठून? सडक सरळ, झाड एकच, तेवढंच नेमकं गाठायचं तर माणसाच्या पोटात काहीतरी पाहिजे, असं गावाचं मत पडलं. त्यात लालसिंग एका होळीला झिंगून पडला होता, ते लोकांना तेवढ्यात आठवलं.

भाऊसिंगच्या बंजारा तांड्याच्या नाईकानं, म्हणजे तिथल्या म्होरक्यानं, ओट्यावर चार माणसांत विचारलं, की पोरगा पिऊन होता का. तेव्हा भाऊसिंगनं स्वतः दारू सोडल्याला वीस वर्षं झाली होती. त्या शपथेवर तो तांड्यात ताठ मानेनं फिरायचा. तो उठून म्हणाला, "पेला असंन. पोरगा माह्या हाय, पन खोटं बोलून राह्यला."

त्या दिवसापासून बापलेकात शब्द नाही. लालसिंग घरात खाटेवर, भाऊसिंग गोठ्यात बैलांपाशी. शेट आता भाड्याच्या मोटारीनं फिरायचे, त्यामुळं दमणी दाराशी उन्हात उभी राहून वाळली. भाऊसिंग तिच्याकडं फिरकला नाही. हिवाळा असाच गेला. दोघांच्या मधून भाकरीची थाळी नेता नेता धुरपताबाईचा जीव मेटाकुटीला आला. शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी तिनं थाळी खाली आपटली.

"जा, त्या गाडीलेच इचारून या," ती म्हणाली. "तिले तं दारू प्याची सवय नाही ना?"

नवाबीण युनूस मिस्त्रीच्या निंबाखाली पडली होती. शेटला ती विकायची होती, पण चेपलेली नवाबीण घेणार कोण, म्हणून युनूसनंही तिला अजून हात लावला नव्हता. भाऊसिंग गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, की या गाडीचे ब्रेक धड होते एवढं एकदा पाहून सांग, म्हणजे पोराचं तोंड कायमचं बंद होईल. बोलताना तो गाडीकडं पाहत नव्हता.

युनूसनं विडी विझवली. "म्या सांगतलं तं तुमी म्हनसान, मिस्त्री लालसिंगचा दोस्त हाय. तुमच्याच हातानं पाहा काका."

त्यानं मागची बाजू जॅकवर उचलली, आत बसून पायानं ब्रेक दाबला आणि भाऊसिंगला चाक फिरवायला लावलं. अडेल खेचरासारखं ते जागचं हललं नाही. दुसरंही तसंच. पुढचं उजवं चाक बाभळीनं वाकवलेलं, ते फिरेना. तेव्हा युनूसनं ते खोलूनच दाखवलं. आतली ब्रेकची पट्टी कोरडी ठाक होती, घासून तापल्याची खूण होती, म्हणजे तिनं चाक धरलं होतं.

"बस, झालं," भाऊसिंग म्हणाला. "गाडी उजवीकडं गेली म्हनते तो. उजवं तं चांगलं हाय."

"काका, जोडीतला उजवा बैल अडला अन् डावा चालतच राह्यला, तं गाडी कुठं वळंन?"

"उजवीकडं," भाऊसिंग सवयीनं बोलून गेला. यात विचार करायचं काय होतं? जन्मभर त्यानं तेच पाहिलं होतं. 

"मंग अडला तो बैल चांगला," युनूस म्हणाला. "चालत राह्यला त्याले पाहू."

पुढचं डावं चाक उचललं. युनूसनं ब्रेक दाबला, चांगला पाय रोवून दाबला, पण भाऊसिंगच्या हाताखाली ते चाक फिरत राहिलं. लोण्यात बोट फिरावं तसं. त्यानं हात काढला तरी ते थोडा वेळ फिरतच होतं.

युनूसनं चाक उतरवलं, आतला लोखंडी डबा ठोकून सैल केला आणि ओढून काढला. आत सगळं काळं, चकचकीत. त्यानं अंगठ्यानं पुसून पाहिलं, बोटं चोळली, नाकाशी नेली. हे मोटारीचं ग्रीस नाही, एवढं त्याला कळलं, पुढचं कळेना. तो आपल्याशीच बोलत होता, की असलं काय घातलं असेल, आणि कोणी.

भाऊसिंगला नाकाशी न्यायची गरज नव्हती.

शिरपूरला मंदिरासमोर नवाबीण येऊन थांबली, तेव्हा याच चाकानं लांबलचक किंकाळी फोडली होती. दर्शनाची माणसं वळून पाहायला लागली. भाऊसिंगला वाटलं, भर बाजारात कुणी आपल्याच थोबाडीत दिली. आपल्या लेकाच्या हातातलं चाक आणि ओरडतं? लालसिंग पाणी प्यायला गेला, तसा तो दमणीखालची नळी सोडून चाकापाशी बसला. चाकामागच्या लोखंडी ताटाला फट होती. त्या फटीतून काडीनं त्यानं वंगण घातलं, घालत राहिला, नळी अर्धी रिकामी होईस्तोवर. चाक विलायती, तहान मोठी असेल, असं त्याला वाटलं. लालसिंग आला, गाडी वळवून निघाला, आणि चाक मुकाट निघालं. भाऊसिंगनं त्या दिवशी बैलांना हिरवा चारा जास्तीचा टाकला होता.

"थांबताना ओरडत होतं," तो आता म्हणाला.

"धूळ बसली असंन. ब्रेकात धूळ गेली का ओरडते चाक. पन ओरडते, म्हन्जे धरते काका." युनूस बोलता बोलता थबकला. त्यानं भाऊसिंगच्या तोंडाकडं पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या बोटांकडं. त्यानं फडक्यानं हात पुसले. मग हळूच म्हणाला, की जुनी गाडी आहे, कुठूनतरी तेल उतरलं असेल, शेटला मी तसंच सांगतो.

"शेटले काय सांगाचं ते तू सांग," भाऊसिंग म्हणाला. "म्या नाईकाच्या ओट्यावर बोललो होतो. मले तिथंच जा लागते."

पण आधी तो घरी आला. दमणीखालची नळी त्यानं सोडली आणि इतक्या महिन्यांनी घराचा उंबरा ओलांडला. लालसिंग खाटेवर अंबाडीचं दावं वळत बसला होता. भाऊसिंगनं नळी त्याच्यापाशी खाटेवर ठेवली. येताना सगळ्या वाटेनं त्यानं शब्द जुळवले होते.

"चाक किंचाळत होतं," एवढंच निघालं.

लालसिंगचे हात थांबले नाहीत. "मालूम हाय, बा. पानी पेऊन आलो तवा तू चाकापाशी होता, हात धोतराले पुसत. मले वाटलं, गाडी पाहून राह्यला. अकोल्याले पडल्या पडल्या समजलं."

"मंग बोलला काहून नाही?"

लालसिंगनं दाव्याला पीळ दिला. "तू बोलत कुठं होता माह्यासंग?"

धुरपताबाई चुलीपुढं फुंकणी हातात धरून बसली होती. तिनं फुंकलं नाही.

भाऊसिंग बाहेर गेला, बैल सोडून आणले आणि दमणी जुंपली. नाईकाचा ओटा काही लांब नव्हता, पण एका पायानं जायला लांबच. त्यानं लालसिंगला पाठुंगळी घेतलं. पोरगा हातात नळी धरून होता. दमणीत बसवल्यावर त्यानं ती बापापुढं केली. महिनोन् महिने उभी राहून चाकं कोरडी झाली होती, हे त्याला दिसत होतं.

"घाल ना बा."

"राहू दे आज," भाऊसिंग म्हणाला आणि पुढं होऊन त्यानं बैलांना हाक दिली.

चाकं कुरकुरली, मग रडायलाच लागली. तांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. भाऊसिंगच्या दमणीचं चाक ओरडतंय म्हटल्यावर माणसं जेवत्या ताटावरून उठून दारात आली आणि मागं मागं चालायला लागली. नाईकाला कुणाला बोलावणं धाडायची गरज पडली नाही. दमणी ओट्याशी थांबली, तेव्हा सगळा तांडा जमला होता, आणि भाऊसिंगनं डोक्याचा पटका काढून हातात घेतला होता.