कामठीच्या मॅचला मुरगळलेला पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. ऐकून तुम्ही हसाल — हसा. मीसुद्धा निम्म्या ठिकाणी हसणारच आहे. अडचण उरलेल्या निम्म्याची आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातलं आमचं कॉलेज लहान, मैदान त्याहून लहान. त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच फुटबॉलची टीम उतरवायची ठरली. पीटीचे सर मूळचे पैलवान. फुटबॉलचे नियम ते आमच्याबरोबरच शिकले. जर्सी म्हणून आम्ही पांढरे बनियन घरीच पिवळ्या रंगात बुडवले. पहिल्या मॅचला घाम आला आणि रंग उतरला — हाफटाइमला अकराही जण हळद लावलेल्या नवरदेवांसारखे दिसत होतो. सात गोल खाल्ले. तरी परतताना बसमध्ये गाणी म्हणत आलो. का नाही म्हणणार? आमची स्वतःची टीम होती!

ते सातही गोल मी खाल्लेले. मी गोलकीपर होतो, आणि कॅप्टनही — सगळ्यांत उंच म्हणून. राखीव खेळाडू एकच, वसंता. काटोलकडच्या संत्रावाल्यांचा पोरगा, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. बॉल बाहेर गेला की हा धावणार, सगळ्यांसाठी संत्री आणणार, आणि एकदा तरी खेळायला मिळावं म्हणून सरांच्या तोंडाकडे बघत राहणार.

दुसरी मॅच कामठीला, तिथल्याच कॉलेजशी. कामठीची पोरं म्हणजे — चालायच्या आधी बॉल मारायला शिकलेली. त्यांच्या सेंटर फॉरवर्डच्या किकने कुण्या गोलकीपरचं मनगट मोडलं, अशी बातमी आली. खरी होती का? कोण जाणे. मला ती पुरली. आदल्या रात्री मी दहादा उठून स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं. आणि कुणाला सांगणार? कॅप्टन ना मी!

मग — सांगूनच टाकतो — कामठीला बसमधून उतरताना शेवटच्या पायरीवरून मी मुद्दाम पडलो. ‘आई गं’ म्हणत घोटा धरून बसलो. पाय मुरगळला नव्हता. काही म्हणजे काहीच झालं नव्हतं. सरांनी तो घोटा पैलवानी हातांनी असा काही रगडला, की मग मात्र खरंच दुखला.

गोलात वसंताला उभं केलं. रेफरीने चष्मा काढायला लावला. तो माझ्या हातात देत वसंता कानाशी म्हणाला, “कॅप्टन, मले त बॉल दिसूनच नाही राहिला गा.” मग स्वतःच हसला. “जाऊ दे. दिसतच नाही त भेव कायचं?”

आणि काय खेळला तो! बॉल कुठाय ते कळत नसल्यामुळे जो समोर येईल त्याच्या पायांत उडी घ्यायचा. एक गोल खाल्ला. आमच्याही एकाने एक मारला — कसा, ते त्यालाही कळलं नाही. अगदी शेवटी तो सेंटर फॉरवर्ड एकटाच आत घुसला, आणि त्याचा फटका वसंताने थेट तोंडावर घेतला. समोरचा दात अर्धा तुटला. गोल मात्र वाचला. बरोबरी! आम्ही न हरलेली पहिली मॅच! कामठीकरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पोरांनी वसंताला खांद्यावर घेतलं, आणि मग मलाही. सर म्हणाले, “कॅप्टन असावा त असा! पाय गेला तरी लाइनवरून हलला नाही.”

इथवरचं अजूनही हसण्यावारी नेता येईल. पण पुढचं?

पुढच्या मॅचच्या आधी सरांनी मला बाजूला घेतलं. “वसंतालेच ठेवायचं का गोलात? तू सांग.” समोरची टीम अगदीच लेचीपेची होती, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “सर, त्याले चष्म्याबिगर दिसत नाही. डोळ्याले लागलं त काय करता?” यात एक शब्द तरी खोटा होता का? नव्हता. काळजीचा आवाजही छान लागला होता. सरांनी मान हलवली. आम्ही ती मॅच जिंकलो. वसंता लाइनवर उभा राहून, तुटका दात दाखवत, माझ्याच नावाने सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. त्याला पुन्हा कधीच खेळायला मिळालं नाही. वर्ष संपलं आणि तो बाग बघायला काटोलला गेला.

मला खांद्यावर बसणं आवडलं होतं — एवढंच कारण.

काही वर्षांनी त्याच्या लग्नाला गेलो. पंगतीत बसलो होतो, तर हा मुंडावळ्यांसकट सासऱ्यांना घेऊन माझ्यापुढे हजर! “मामाजी, हे आमचे कॅप्टन. मले चान्स भेटावा म्हणून यायनं पाय मुरगळल्याचं सोंग केलं होतं. मी मांगंच होतो ना, मुद्दाम पडताना पाह्यलं. असा दोस्त कोणाले भेटते?”

माझी मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वाढप्याच्या हातून टोपली घेतली आणि माझ्या पत्रावळीत स्वतःच्या हाताने बुंदी वाढली. भरभरून.

मी ती सगळी खाल्ली.