कानाला लागलेला हात

गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर बसून मी जुनं दाखल रजिस्टर पाहत होतो. पानामागून पान उलटलं, तरी जन्मतारीख एकच होती, एक जून.

"काय हा कारकुनी आळस!" मी चिडून म्हणालो.

नातीला सोडायला आलेल्या सत्तरीच्या गंगूमावशी हसल्या. "आळस कुठला रे? आमचा जन्म कोणी लिहून ठेवला होता? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचं. माझा काही पोचेना. बा म्हणाला, यंदा शेळ्या राखू दे हिला, पुढल्या साली बघू."

"मग?"

"गुरुजींनी माझी मान हळूच कलती केली. म्हणाले, हा बघा, लागला की कान! अन् लिहून टाकलं, एक जून."

मुलींचं पुढलं साल कधी उगवत नाही, हे त्या माणसाला ठाऊक होतं. समतेवर मी सभांमधून घसा फोडला आहे. त्याने नुसती दोन बोटं लावली. खोट्या वयांच्या त्या रांगांमधली मुलींची नावं मी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो. यांतल्या किती माना त्याने कलत्या केल्या असतील?

"मग शेळ्या कोणी राखल्या, मावशी?"

"बानंच! मरेस्तोवर कुरकुरला. पण तालुक्याला गेला की एसटीची पाटी माझ्याकडूनच वाचून घ्यायचा."