माईंची काक्षी आणि माझे मनधरणीचे आकडे

लग्न होऊन मी झाशीला आले तेव्हा सासूबाईंबद्दल मला दोनच सूचना मिळाल्या. एक, त्यांना माई म्हणायचं. दोन, संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला त्यांच्याशी बोलायचं नाही, कारण तेव्हा त्या गच्चीवर तारा बघत असतात. माझ्या नाशिकच्या मावशीने एवढ्यावरून त्यांना 'फार आध्यात्मिक' ठरवून टाकलं आणि पुढच्याच पत्राबरोबर अंगारा पाठवला. प्रत्यक्षात माई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आकाशाकडे त्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासावेत तशा बघायच्या, आणि फारसं कुणाला पास करायच्या नाहीत.

त्यांचा तारा म्हणजे काक्षी, मृगाच्या खांद्यावरचा लाल तारा. तो रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज कमीजास्त होत राहतं. किती झालं ते सांगायला दुर्बीण लागत नाही, दोन शेजारी लागतात. एकीकडे पांढरा प्रश्वा, दुसरीकडे नारिंगी रोहिणी. नकाशावर प्रश्व्यापुढे 'चार' लिहिलेलं असतं आणि रोहिणीपुढे 'नऊ'. आकडा लहान तितका तारा तेजस्वी, वर्गातल्या नंबरासारखं. खरं तर हे दशांश आहेत, पण नकाशात टिंब देत नाहीत, कारण कुणीतरी त्या टिंबालाच तारा समजून बसेल. (हे समजल्यावर मला या लोकांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. स्वतःच्या मूर्खपणाची इतकी आगाऊ तयारी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.) काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसते ते डोळ्यांनी ठरवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. महिनाअखेरीला ते आकडे हौशी निरीक्षकांच्या एका संस्थेकडे जातात. तिथे जगभरच्या गच्च्यांवरचे आकडे एकत्र होऊन आलेख निघतो.

माईंनी सव्वीस हिवाळे हे केलं होतं, आणि एकटीने. माहेर झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायचं, तिथल्या अंधारात हा नाद लागला. सासर ओरछा गेटजवळच्या गल्लीत, जिथे अंधार मागून घ्यावा लागतो. "भैया, ज़रा बत्ती बंद कर दो, पंद्रह मिनट," असं त्या शेजारच्या गच्चीकडे ओरडायच्या. शेजारचे भैयाजी निमूट दिवा घालवायचे. त्यांना वाटायचं, माताजींचं काही व्रत असेल.

मी घरात आल्यावर माईंना दुसरा निरीक्षक मिळाला आणि एक पद्धत पडली. दोघींनी आपापलं बघायचं, मग पाठीला पाठ लावून आकडा चिठ्ठीवर लिहून रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा, आणि मगच दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. एकीचं ऐकून दुसरीने लिहू नये म्हणून. नवरा याला 'घर का चुनाव' म्हणायचा. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

पहिल्या संध्याकाळी मी सात लिहिलं. माईंच्या चिठ्ठीवर पाच होतं.

"सात?" माई म्हणाल्या. "बरं बरं. शिकशील."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात आणि पाच. तिसऱ्या दिवशी माईंनी माझ्या ताटात गाजराची कोशिंबीर वाढली, डोळ्यांसाठी चांगली म्हणून. चौथ्या दिवशी मला सात दिसली आणि मी सहा लिहिलं. माईंचा चेहरा असा उजळला की महिन्याभरात मी सरळ पाच लिहायला लागले.

मी काय काम करते तेही इथे सांगायला हवं. मी एका सरकारी कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या चाचणी विभागात आहे. एवढासा फरक आला तरी ट्रक भरून माल परत पाठवते. माझी सही मिळवण्यासाठी तिथे भलेभले इंजिनियर चहा घेऊन उभे असतात. आणि संध्याकाळी घरी येऊन मी एका ताऱ्याला दोन आकडे बढती देत होते, कारण सासूबाईंना बरं वाटावं. चार हिवाळे.

यात भर म्हणून मराठी मंडळाने आमचा सत्कार केला. इलाइट चौराह्याजवळच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ आणि स्टेजच्या रुंदीचा बॅनर. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि तो तास त्यांनी भाषणात वसूल केला. मंगळ, चंद्र, संस्कार, मग त्यांच्या स्वतःच्या घरातली भांडणं. शेवटी म्हणाले, "एकाच ताऱ्याबद्दल सासू आणि सून रोज एकच उत्तर देतात! असं एकमत आज कुठे आहे?" टाळ्या. मी शालीत तोंड लपवलं. त्याला लोक विनय समजले. खाली उतरल्यावर पाहुण्यांनी माईंना हळूच विचारलं, "माझी साडेसाती कधी संपतेय?"

"शनी माझ्याकडे नाही," माई म्हणाल्या. "मी फक्त काक्षी बघते."

मग माईंना मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, उजवा जास्त. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, मग डावा. ऑपरेशनला माई घाबरल्या नाहीत, पण आदल्या संध्याकाळी त्यांनी वही मांडीवर घेतली आणि मला समोर बसवलं.

"हे बघ. आपले आकडे आतापर्यंत जुळत आलेत. ऑपरेशननंतर जुळले तर ठीक. नाही जुळले, तर माझा डोळा बिघडला असं समजायचं आणि वही बंद. खोट्या तराजूने तोलत बसायला मी काही मंडईत बसलेली नाही."

"मम्मी, थोड़ा कम-ज़्यादा तो चलता है," नवरा म्हणाला.

"तुझ्या गणितात चालत होतं. म्हणून दोनदा बसलास."

ऑपरेशन चांगलं झालं. थेंब, काळा चष्मा, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आकाश बघायला परवानगी दिली. होळीला अजून अवकाश होता, आकाश धुतल्यासारखं होतं, मृग डोक्यावर. भैयाजींनी न सांगता दिवा घालवला. मला काक्षी सात दिसली. माईंना आज आधाराची गरज आहे, असा विचार करून मी नेहमीपेक्षा ठळक अक्षरात पाच लिहिलं.

डबा उघडला. माझी चिठ्ठी पाच. माईंची सात.

माईंनी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. पेनाचं टोपण लावलं. खाली जाऊन वही फडताळात ठेवली, कडी लावली आणि म्हणाल्या, "कुकर लावलास का?"

मी कणीक मळायला घेतली. तीस हिवाळ्यांची ती वही माझ्या एका चिठ्ठीने बंद झाली होती. शेवटी परातीकडेच बघत म्हटलं, "माई, मला आज सात दिसली होती."

"मग पाच का लिहिलीस?"

"तुम्ही पाच लिहाल म्हणून."

"आजच?"

"नाही."

"किती दिवस?"

"चार वर्षं."

माई स्टुलावर बसल्या. "माझ्या वहीत तू साखर घातलीस?"

"थोडी."

"दोन-दोन चमचे! रोज!" मग एकदम थांबल्या. "थांब. म्हणजे मला पाच दिसायची तेव्हा तुला सात दिसायची? आणि मला आज पहिल्यांदा सात दिसली?"

"हो."

माई उठल्या आणि जिना चढायला लागल्या. डॉक्टरांनी जिना हळू चढायला सांगितला होता. कणकेच्या हातांनी मी मागे धावले. गच्चीच्या मध्यावर उभ्या राहून त्यांनी डावा डोळा तळव्याने झाकला. "सात." मग उजवा झाकला, तो नवा. "पाच!" पुन्हा नवा. "सात!" पुन्हा जुना. "पाच! अगं, पाच!" प्रत्येक वेळी आवाज चढत गेला.

शेजारच्या गच्चीवर दिवा लागला. "माताजी, सब ठीक?"

"भैया, मेरी एक आँख झूठी निकली!" माई आनंदाने ओरडल्या. "बत्ती बंद करो!"

नवरा वर आला तेव्हा त्याची आई एक डोळा झाकून हसत होती आणि बायको कणकेच्या हाताने भिंतीचा आधार घेऊन हसत होती. "दोनों को दिखाना पड़ेगा," तो म्हणाला आणि कुकर बंद करायला खाली गेला.

कारण माईंनीच सांगितलं, तिथेच, फळ्यासमोर उभ्या असल्यासारखं. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. पिवळ्या भिंगात पांढऱ्या प्रश्व्याचा उजेड अडतो, लाल काक्षीचा फारसा अडत नाही. प्रश्वा मंद दिसला की काक्षी त्याच्या तुलनेत चढते. डोळा बिघडला नव्हता, दुरुस्त झाला होता.

"म्हणजे वही चालू?" मी विचारलं.

"वही चालूच. पण तुला कळतंय का तू काय केलंस?" आता त्या खरोखर चिडल्या. "तू खरं लिहिलं असतंस तर दोघींच्या आकड्यांतला फरक बघून मला कळलं असतं, माझा मोतीबिंदू कधी सुरू झाला आणि कसा वाढला. ताऱ्यावरून! डॉक्टरच्या आधी! असा आलेख माझ्या हातात आला असता, आणि तू तो पुसून टाकलास. प्रेमाने."

मी खाली जाऊन फडताळाची कडी काढली आणि वही वर आणली.

दुसऱ्या दिवशी माईंनी संस्थेला पत्र लिहिलं. स्वतःचे जुने आकडे त्यांनी बदलले नाहीत. जे दिसलं ते दिसलं, फक्त शेजारी 'मोतीबिंदू' अशी टीप टाकली. माझे चारही हिवाळे मात्र मागे घेतले. कारणाच्या रकान्यात लिहिलं : निरीक्षिका आज्ञाधारक होती.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं. डॉक्टर वैतागले, पण जुना डोळा आहे तोवर दोन्ही डोळ्यांतला फरक मोजून घ्यायला हवा यावर माई ठाम होत्या. त्यासाठी त्यांनी नवं पान आखलं, तीन रकान्यांचं : उजवा, डावा, सून.

त्या संध्याकाळी डब्यात तीन चिठ्ठ्या पडल्या. उजव्याची सात, डाव्याची पाच. माझी आठ.

"आठ?" माईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"मला नाही पटत," माई म्हणाल्या, आणि माझ्या रकान्यात आठ लिहिलं.