सारवलेल्या भिंती

आमच्या डॉक्टरांचा कुणावरच विश्वास नव्हता. मी राहेल, त्यांची बायको, पण सगळ्या शिरूरसारखी मीही त्यांना डॉक्टरच म्हणायची. लग्न होऊन आठवडाही झाला नसेल, गवळ्यानं दूध मापलं तर यांनी त्याच्यासमोरच थेंब नखावर घेतला आणि तो कसा ओघळतो ते बघत उभे राहिले. तेव्हाच मी ओळखलं, या माणसाशी संसार करायचा म्हणजे रोज परीक्षा. मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. मला परीक्षा घ्यायची सवय, द्यायची नाही. त्यामुळे आमची भांडणं पुष्कळ झाली.

डॉक्टर प्रभुदास साळवे यांचा दवाखाना जुन्या मिशन कंपाउंडाला लागून होता. पेनिसिलिनची रिकामी बाटली ते कधी नुसती फेकत नसत, दगडानं फोडत. कुणीतरी ती उचलून नेईल, मैदा भरून विकेल, हा संशय. टॉनिकं विकणारा एजंट पुण्याहून येई, त्याला ते चहा पाजत आणि म्हणत, यात साखर आपल्याकडची, रंग मुंबईचा, फक्त किंमत तेवढी विलायतेची. रोग्यांना सुई हवी असे. सुई टोचल्याशिवाय औषध लागू पडतच नाही अशी सगळ्या तालुक्याची समजूत. डॉक्टर सुईला नाही म्हणत आणि रोगी समोरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

सभांना ते हटकून जायचे, पण भाषण ऐकायला नाही. व्यासपीठावरच्या माणसाचं पोट, घोट्यावरची सूज, तो किती वेळा पाणी पितो, हे बघायचे. एकदा साखर कारखान्यावर तास दीड तास बोललेल्या एका पुढाऱ्याबद्दल घरी येऊन म्हणाले, “याला मधुमेह आहे, राहेल, आणि हा आपल्याला साखर देणार.” कालव्यानं पैसा आला असं सगळे म्हणत. डॉक्टर म्हणत, पैसा ज्याच्या घरी आला त्याच्या घरी आला, डबकी मात्र सगळ्यांच्या दारात आली. मिशनतर्फे अमेरिकेची दुधाची भुकटी वाटायला आली तेव्हा त्यांनी पाळकसाहेबांना भर उपासनेनंतर विचारलं की फुकट देणाऱ्याला बदल्यात काय हवंय. मी मान खाली घालून घरी आले.

खोटं कशाला बोलू, या संशयानं माणसं वाचलीही होती. एका घरातली पोरं ओकून ओकून अर्धी झाली होती. घरचे म्हणत कुणीतरी करणी केली. डॉक्टर सरळ चुलीपाशी गेले आणि कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात मुरलेलं ताक बाहेर आणून ओतलं. अशा वेळी मला त्यांचा अभिमान वाटायचा. पण तो त्यांना सांगायची सोय नव्हती. का कौतुक करतेय, असा संशय आला असता.

मी सांगते आहे ती गोष्ट महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षीची. मांडवगण फराट्याच्या अलीकडे नदीकाठी एक वस्ती होती, पलीकडं ऊस आणि अलीकडं ऊस. हिवतापाचं तिथं ठाणंच. दिवसाआड थंडी वाजून माणसं गोधडीखाली कुडकुडायची. त्या पावसाळ्यात सरकारनं डी.डी.टी. मारायची टोळी पाठवली. पाण्यात कालवलेली पांढरी पावडर घरातल्या भिंतींवर फवारायची, डास भिंतीवर बसला की मरतो, असा हिशेब. टोळीचा मुकादम मच्छिंद्र त्याच वस्तीवरचा. खाकी अर्धी चड्डी, पाठीवर पंप, आणि घराण्यात पहिल्यांदा कुणालातरी मिळालेली सरकारी नोकरी. होती हंगामीच, पण पुढच्या वर्षी कायम करू असं साहेबानं तोंडी सांगितलेलं. त्याची आई सोजराबाई विधवा. तिनं त्या अर्ध्या चड्डीला कधी चिमूटभर माती लागू दिली नसेल.

डॉक्टर आठवड्यातून एकदा त्या बाजूला जायचे. फवारणी झाली, पुढच्या गावांना टोळी निघून गेली, आणि भादवा सरता सरता वस्तीवर पुन्हा ताप सुरू झाला. ज्या घरात पावडर मारली त्याच घरात. डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली. परत येताना त्यांना मच्छिंद्रच्या चुलतभावाचं वांग्याचं शेत दिसलं. सगळ्यांची वांगी किडलेली, याची तुकतुकीत. आणि पानांवर पांढरट भुकटी.

झालं. त्यांचा सगळा हिशेब जुळला. पावडर भिंतीवर न मारता नुसतं चुन्याचं पाणी मारलं आणि खरी पावडर भाऊबंदांच्या वांग्यांवर गेली. ते घरीसुद्धा आले नाहीत, तसेच दौंडला गेले. फवारणीचा साहेब तेव्हा दौंडात मुक्कामाला होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं आणि वर सहीही करून दिली. डॉक्टरसारखा माणूस स्वतःहून येऊन सांगतोय म्हटल्यावर साहेबानं चौकशी कशाला करावी? मच्छिंद्रचा पंप काढून घेतला आणि त्याला घरी पाठवलं. वस्तीवर त्याचं नाव पडलं पावडरचोर. विहिरीवर सोजराबाई आली की बाया तिला ऐकू जाईल अशा बेतानं गप्प व्हायच्या.

त्या रात्री डॉक्टर खुशीत जेवले. मी विचारलं, पान चुरगाळून बघितलंत का? ते म्हणाले, त्याची गरज नव्हती. दुधाचा थेंब नखावर धरणारा माणूस हे बोलतोय, याचं मला नवल वाटलं, पण मी भाजी वाढली आणि विषय सोडला.

घट बसल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी वस्तीवरून बोलावणं आलं. धुरपदा नावाची एक पोटुशी बाई तापानं फणफणली होती. बाईमाणूस तपासायचं असलं की डॉक्टर मला बरोबर नेत, म्हणजे सोबतीलाही कुणीतरी असतं आणि खरंही कळतं, असं त्यांचं म्हणणं. घरात शिरले तर ओल्या मातीचा आणि शेणाचा वास. भिंती नुकत्याच सारवलेल्या, बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून, कुठं तसूभर जागा सुटलेली नाही. कोपऱ्यात घट, त्यावर अखंड दिवा. डॉक्टर नाडी बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून धुरपदाला म्हटलं, भिंती छान सारवल्यात.

ती पडल्या पडल्या म्हणाली, “घट बसायचं म्हनून निम्म्या भादव्यापास्नंच समद्या वस्तीनं सारावलंय, बाई. औंदा दोन-दोन हात द्यावं लागलं. त्या पावडरीचं पांढरं डाग वर येत व्हतं. देवाम्होरं तसं बरं दिसत न्हाई.”

डॉक्टरांनी तिचा हात सोडला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि नखानं खरवडलं. तांबड्या मातीचा पोपडा निघाला आणि खाली पांढरा पातळ थर दिसला. मच्छिंद्रनं मारलेली पावडर जिथल्या तिथं होती, फक्त मातीखाली गाडलेली. डास वरच्या सारवणावर खुशाल बसत होते.

“पावडर मारल्यावर सारवायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” त्यांनी विचारलं.

“आमाला कोन सांगंल? मच्छिंद्रानं चावडीवर सांगितलं व्हतं म्हनं. चावडीवर बाया कवा बसत्यात?”

माझ्या डोक्यात सणक गेली. साहेबानं मुकादमाला सांगितलं, मुकादमानं चावडीवर सांगितलं, चावडीवरच्यांनी माना डोलावल्या आणि तंबाखू मळली. भिंतीला हात कोण लावतं हे एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नाही. आणि आमचे डॉक्टर, ज्यांच्या घराला दर नाताळाच्या आधी मी कंबर बांधून चुना देते, त्यांच्या तर नाहीच नाही. अख्ख्या तालुक्यावर संशय घेतला, पण बायकांच्या हातांकडे बघितलं नाही.

बाहेर पडल्यावर ते वाट वाकडी करून वांग्याच्या शेतात शिरले. एक पान खुडलं, चुरगाळलं, वास घेतला. चुलीतली राख होती. कीड पडू नये म्हणून त्या घरची बाई रोज सकाळी टाकायची. डॉक्टर पान हातात धरून बांधावर बसले ते मी हाक मारीपर्यंत उठले नाहीत. मला राग आला होता, पण कीवही आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दौंडला गेलो. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागं सारली. म्हणाला, आधी चोर म्हणून सही केलीत, आता साव म्हणता. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, “डॉक्टर, खरं सांगा, कुणाचा दबाव आलाय? कुठल्या पुढाऱ्यानं धाडलं तुम्हाला?” डॉक्टरांनी सारवणाचं सांगितलं, राखेचं सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब हसला. त्याच्या जागी डॉक्टर असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, हे डॉक्टरांना माझ्याआधी कळलं असावं. ते उठले. मच्छिंद्रला ती नोकरी परत मिळाली नाही. साहेब पुढं बदलून गेला.

मग डॉक्टर वस्तीच्या चावडीवर जाऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले की मच्छिंद्र चोर नाही, मीच तपास न करता बोललो, माझी चूक. त्यांच्या तोंडून मी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माणसांनी गंभीर चेहऱ्यानं ऐकलं. मी मागं एकटीच बाई उभी होते. माझ्यापुढचा एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाला लागून म्हणाला, मच्छिंद्रानं डॉक्टरला काहीतरी पोचवलेलं दिसतंय. दुसरा म्हणाला, व्हय, उगाच कोन शब्द माघारी घेतंय. मला त्या दोघांना तिथंच झापावंसं वाटलं. त्याऐवजी मी घराघरात जाऊन बायकांना सांगितलं की पुढच्या फवारणीनंतर भिंतीला हात लावू नका, आणि का लावायचा नाही तेही सांगितलं. त्यांना ते पहिल्या बोलण्यात समजलं.

शेवटचं घर मच्छिंद्रचं. तो गोधडीखाली कुडकुडत होता. त्याच्याही घरच्या भिंती सारवलेल्या. स्वतःच्या हातानं मारलेली पावडर, आणि तो टोळीबरोबर बाहेरगावी असताना आईनं घटासाठी त्यावर माती फिरवलेली. ताप आल्यावर त्यानं साहेबावर संशय घेतला होता, पावडरच कमी ताकदीची दिली म्हणून.

डॉक्टरांनी पिशवीतून क्विनाईनच्या गोळ्या काढल्या. सोजराबाई उंबऱ्यात उभी राहिली ती हललीच नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“माज्या लेकाला चोर म्हनलात तवा तुमच्यापाशी पुरावा काय व्हता, डाक्टर?”

“नव्हता.”

“मग ह्या गोळ्या खऱ्या औषिदाच्या हायती, ह्याला पुरावा काय?”

मला वाटलं आता हे भडकणार. त्यांनी एक गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय चावली. क्विनाईन किती कडू असतं ते ज्यानं चावलंय त्यालाच ठाऊक. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ती गिळली.

सोजराबाईनं पोतं अंथरलं. म्हणाली, “बसा हितंच.”

ते बसले. मीही बसले. तिनं भाकरी थापल्या, शेरडांना पाला टाकला, मधून मधून येऊन डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघून गेली. आमची एस.टी. निघून गेल्याचा आवाज आला. आत मच्छिंद्रचे दात वाजत होते. औषध हातात असून डॉक्टर ते देऊ शकत नव्हते, आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

दिवेलागणीला ती आली. डॉक्टरांच्या कपाळाला हात लावून बघितला, मग त्यांच्यापुढं तळवा पसरला. त्यांनी गोळी ठेवली. ती आत जाऊन मुलाला देऊन आली.

डॉक्टर म्हणाले, “बरोबर केलंत, सोजराबाई. मी असतो तर सकाळपर्यंत बसवलं असतं.”

“मला बी बसवायचं व्हतं,” ती म्हणाली. “पन पोरगं तापलंय माजं.”

डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्या तिच्या हातात दिल्या आणि कोणती कधी द्यायची ते तिलाच नीट समजावून सांगितलं.