अर्थिंगच्या खड्ड्यावरची तुळस

आमच्या सोसायटीच्या जिन्याखालची यंत्रखोली मी उभी केली. हे विधान मी जबाबदारीने करतो आणि आजवर कोणी त्याचा प्रतिवाद केलेला नाही. निवृत्तीनंतर साताऱ्यात राहायला आलो तेव्हा तिथे मोडक्या सायकली आणि रंगाचे रिकामे डबे होते, आणि इंटरनेटच्या तारा भिंतीवरून वाटेल तशा लोंबत होत्या. मी खोली रिकामी करवून घेतली, नेटची यंत्रे आणि बॅटऱ्या ठेवायला रॅक बसवला, तारा ओळीने बांधल्या आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. माझी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, हळदीच्या बाजारालगत झाली. हंगामात तिथल्या यंत्रांचे फिल्टर पिवळेधमक होत. धूळ म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

खोलीमागे अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे. वीज कडाडली किंवा विजेचा दाब एकाएकी वाढला, तर तो जमिनीत जिरवून यंत्रे वाचवणे हे त्याचे काम. पण माती ओली असेल तरच ते होते. म्हणून उन्हाळाभर मी त्याच्या नळीत स्वतः बादलीने पाणी ओतत असे. गुडघे दुखू लागल्यावर मी पत्नीला अनेकदा विनंती केली. तिचे उत्तर ठरलेले असे : "तुमचा खड्डा, तुम्हीच बघा. मी काय त्याची सून लागते?"

तरीही माझी तक्रार नव्हती, कारण नेट बंद पडले की घंटा माझ्या दाराची वाजे. "काका, जरा बघता का?" या वाक्यासाठी माणूस काय काय सोसतो, हे ज्याला कोणी विचारत नाही त्यालाच कळते.

मग डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी सांगलीला मुलीकडे राहिलो. पत्नी लवकर परतली. मी मात्र उन्हाळा संपत आल्यावर आलो. तोवर खोलीची चावी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारांकडे गेली होती. या गृहस्थांनी फौजेत आयुष्यभर गाड्या सांभाळल्या. टेलिफोनशी त्यांचा संबंध केवळ बोलण्यापुरता. व्यवस्था तात्पुरती असेल असे समजून मी सोसायटीच्या सचिवांना पत्र लिहिले. उत्तर न आल्याने स्मरणपत्र लिहिले. त्यानंतर, कोणत्या उपविधीनुसार हा बदल झाला, अशी लेखी विचारणा केली. सचिव जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काका, उपविधीत ती खोलीच नाहीये. सुभेदार हौसेनं करतायत, करू द्या की."

आता लोक माझ्या दारावरून थेट वर जाऊ लागले. पायऱ्यांवर चपला वाजत, मी उठून उभा राहत असे, आणि चपला वर निघून जात.

सुभेदारांनी खोलीची नासाडी केली असती तर मी ते आनंदाने सोसले असते. खोलीच्या जाळीतून डोकावून पाहिले : बॅटऱ्यांच्या टोकांना गंज चढू नये म्हणून व्हॅसलिन लावलेले, तारा मी बांधल्या तशाच, आणि माझी पाटी नव्याने रंगवलेली. माझा संताप अनावर झाला. दोष हवा होता म्हणून मागे गेलो, आणि तो मिळाला. खड्ड्याच्या झाकणावर चक्क तुळशीवृंदावन होते. त्याच्या तळाशी भोक पाडून खालच्या नळीशी जोडले होते. आणि समोर माझी पत्नी तांब्याने पाणी घालून हात जोडत होती.

"हे काय?"

"तुळस. दिसत नाही का? मग ऑपरेशन कशाला केलं?"

"खड्ड्यावर तुळस ठेवायची बुद्धी कोणाची?"

"सुभेदारांनी मला विचारलं, वहिनी, सायेब नळीत पाणी का घालायचे? मी सांगितलं. आता सगळ्या बायका रोज घालतात. कुणाला सांगावं लागत नाही."

म्हणजे माझ्या खड्ड्याचे मर्म माझ्याच घरातून बाहेर गेले होते; आणि जी माझ्यासाठी कधी एक बादली उचलायला तयार झाली नाही, ती परक्याच्या कल्पनेला रोज सकाळी नमस्कार करत होती.

सर्वसाधारण सभा अंगणातच भरली. मी उभा राहून माझे निवेदन वाचले : सामायिक सुविधेवर विनापरवाना बांधकाम, तपासणीस अडथळा, सबब वृंदावन हटवावे व खोलीचा ताबा मला परत द्यावा. बायकांत कुजबुज झाली. सुभेदार मात्र शांतपणे उठले.

"आवं सायेब, मापून बघू की. तुमच्याकडं त्ये मीटर हाय न्हवं? तुमच्या टायमापेक्षा खड्डा कमअस्सल निघाला, तर तुळस मी उचलतो अन् चावी तुमच्या हातात देतो. झालं?"

मी घरातून अर्थिंग मोजायचा मीटर आणला. दोन खुंट्या अंतराने जमिनीत ठोकल्या, तारा जोडल्या. आकडा जितका कमी, तितका खड्डा चांगला, हे मी सभेला समजावून सांगितले. मग बटण दाबले.

असा आकडा माझ्या काळात एकदाही आला नव्हता. तारा तपासून पुन्हा मोजले. तोच. तो वाचता येणारा तिथे मी एकटाच होतो, आणि मी काहीही वाचले असते तरी कोणी हरकत घेतली नसती. परंतु पुरावा तो पुरावा. मी आकडा मोठ्याने वाचला आणि माझ्या वेळेपेक्षा तो कमी आहे, हेही सांगितले.

टाळ्या झाल्या. पत्नीनेही वाजवल्या.

सुभेदार सचिवांना म्हणाले, "माप मातर दर साली सायेबांनीच घ्यायचं, आसं लिवा. मला न्हाई जमायचं ह्ये खुंट्याचं."

"मला दयेची नेमणूक नको," मी म्हणालो. "ठराव होणार असेल तर रीतसर होऊ द्या."

"सायेब, रीतसरच लिवाय सांगतोय न्हवं?"

ठराव लिहिला गेला : खोली सुभेदारांकडे, मोजणी माझ्याकडे. मी 'आक्षेप राखून' असे लिहून त्याखाली सही केली. सुभेदार खुंट्या उपटायला वाकले, तेव्हा मी त्यांना थांबवले. खुंट्या माझ्या मालकीच्या होत्या. गुडघे दुखत असतानाही त्या मीच उपटल्या, आणि चिकटलेला ओला चिखल पुसत बराच वेळ तिथेच उभा राहिलो.