दादाच्या भिंतीवरची माणसं

"वसू, तुझा दादा शेडमध्ये झोपलाय आणि उठत नाहीये," शैलावहिनी फोनवर म्हणाली. आवाज अगदी रोजचा. डेल्फ्टच्या आमच्या घरात मी पोह्यांना फोडणी देत होते, त्यामुळे माझं अर्धंच लक्ष. "अगं, हलवून बघ ना," मी म्हणाले. "हलवलं. हाउसआर्ट्स पण येऊन गेला," ती म्हणाली. घरचा डॉक्टर येऊन गेला आणि दादा तरीही उठत नाहीये, याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत मोहरी करपून गेली होती. एनस्खेडेपर्यंतच्या गाडीत मी रडले नाही. खिडकीबाहेर कालवे, गाई, पुन्हा कालवे... आणि मनात वेड्यासारखं एकच, की आपण पोचेपर्यंत तो उठलेला असेल आणि मला बघून म्हणेल, "तू कशी काय आलीस?"

अनंत हा माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून दादा. पुण्याहून एनस्खेडेच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला आला आणि तिथलाच झाला. पुढे लग्न करून मी या देशात आले तेव्हा सायकल चालवण्यापासून खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, खिडकीवर भांडण्यापर्यंत सगळं मला त्यानेच शिकवलं. एवढा सरळ माणूस, पण छंद कुठला जडावा? शिकारीच्या बंदुका बनवण्याचा! आमच्या दोन्ही घरांत अंडंसुद्धा चोरून खाल्लं जायचं, त्या खानदानात याने हे दिवे लावले. मावशीला मरेपर्यंत वाटत राहिलं की तो फर्निचर करतो, आणि आम्ही कुणी तिला वेगळं सांगितलं नाही.

सुरुवात शेजाऱ्यापासून झाली. खेरिट हा त्याचा शेजारी, गावात त्याचं बंदुकांचं परवानाधारक दुकान. एकदा खेरिटच्या गालावर काळानिळा वळ उठलेला दादाने बघितला आणि विचारलं, काय झालं? नवी बंदूक झटका देते, खेरिट म्हणाला. दादाने ती बंदूक हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "बंदूक चांगली आहे, तुझ्या मापाची नाही." तिथून दोघांची जोडी जमली. नळी आणि यंत्र खेरिटकडून यायचं, आणि दादा त्याला माणसाच्या अंगाला बसेल असा अक्रोडाचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, घडवायचा. रीतसर परवाने काढले, शेडच्या भिंतीला पोलादी कपाट ठोकलं, पोलीस येऊन तपासून गेले. स्वतः त्याने आयुष्यात एक ससा मारला नाही. "मी शिंपी आहे गं," तो म्हणायचा, "कपडे घालून लोक कुठे जातात ते शिंपी विचारत नाही." मी म्हणायचे, "छान पळवाट आहे." तो हसायचा आणि तासणी चालूच ठेवायचा.

माप घ्यायची त्याची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. माणसाला उभं करायचा आणि सांगायचा, डोळे मिट. मिटल्या डोळ्यांनी दस्ता खांद्याला लाव, गाल टेक, आता उघड. डोळा थेट नळीच्या रेषेत आला तर माप बरोबर. केसभर इकडेतिकडे असेल तर पुन्हा घासायचं. "डोळे उघडे असले की माणूस स्वतःला दुरुस्त करून घेतो," दादा म्हणे, "मिटले की अंग खरं बोलतं." खऱ्या अक्रोडाला हात लावण्याआधी तो स्वस्तातल्या बीचच्या लाकडाचा एक दस्ता करी, तो म्हणजे नमुना. बंदूक गिऱ्हाईक घेऊन जाई, नमुना दादाकडे राही. शेडच्या लांब भिंतीवर खुंट्या होत्या आणि त्यांवर हे नमुने आडवे ठेवलेले. लोखंड नाही, नळी नाही, नुसतं लाकूड, आणि गाल टेकायच्या जागी गुळगुळीत उंचवटा. ती गालाची बाजू तो नेहमी खोलीकडे ठेवायचा. "म्हणजे माणसं आपल्याकडे बघतात," तो म्हणायचा. मला ते मुळीच आवडत नसे. भिंतीकडे पाठ करून उभं राहिलं की मानेपाशी कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. हवा दमट झाली की लाकूड फुगे आणि खुंट्या कुरकुरत, एकीनंतर एक, जशी रांगेत ताटकळलेली माणसं पाय बदलतात.

गिऱ्हाईक वारलं की दादा त्याचा नमुना फिरवून ठेवी, गाल भिंतीकडे. फेकायचा नाही, जाळायचा नाही. "भिंतीकडे तोंड करून झोपू दे," म्हणायचा. इथवर मी समजू शकत होते. आपण नाही का गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेकडे तोंड करून लावत? पण एकदा, युरो येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, मी शेडमध्ये चहा घेऊन गेले होते. दादा नमुन्यांना जवसाचं तेल लावत होता. प्रत्येक उतरवायचा, हातावर तोलायचा, तेलाचं फडकं फिरवायचा, परत ठेवायचा. जर्मनीच्या सीमेवरच्या विम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा नमुना त्याने उतरवला, तोलला, आणि काही न बोलता उलटा फिरवून ठेवला.

"विम गेला?" मी विचारलं.

"नाही. म्हणजे मला माहीत नाही," दादा म्हणाला. "हलका लागला."

संध्याकाळी खेरिट कुंपणापाशी येऊन सांगून गेला की विम दुपारी गोठ्यात पडला तो पडलाच. मी दादाला म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. म्हातारा माणूस, आज ना उद्या जाणारच होता. दादाने मान डोलावली. तो वाद घालत नसे आणि त्याचाच मला राग यायचा.

दुसरी वेळ एका दाताच्या डॉक्टरीणबाईंची. पन्नाशीची, ठणठणीत, हरणांच्या शिकारीला जर्मनीत जायची. तिचा नमुना दादाने फिरवला तेव्हा वहिनी तिथे होती आणि ती जी काही भडकली! "अहो, जिवंत बाई आहे ती! सरळ करा आधी," म्हणून तिने स्वतः तो नमुना सरळ केला आणि दादाला तिला फोन करायला लावला. बाईंनी हसत फोन उचलला, दादाने कशाबद्दल तरी विचारल्यासारखं करून ठेवून दिला. आम्ही तिघंही हसलो. तो आठवडा संपायच्या आत हायवेवर धुक्यात तिची गाडी... वहिनीने मग तो नमुना आपल्या हाताने परत उलटा केला आणि दादाला बजावलं, यापुढे मी घरात नसताना तेलाचा डबा उघडायचा नाही. मी कावळ्याचं काहीच बोलले नाही त्या वेळी.

दादाने हात बसवायला स्वतःच्या मापाचा केलेला पहिला नमुना त्या भिंतीवर होता, तसा वहिनीचाही होता. तिने बंदूक कधी धरली नव्हती, पण "गावभरच्या लोकांची मापं घेता, माझं कधी घेणार?" असं तिने त्याला टोचलं होतं. वहिनी डावखुरी. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून मार खाल्लेली. कात्री, पळी, किसणी, आयुष्यात सगळ्या वस्तू उजव्यांसाठी केलेल्या. डाव्या खांद्याला बसणारी, तिच्यासाठी म्हणून घडवलेली ती पहिलीच वस्तू. दस्ता खांद्याला लावून तिने डोळे मिटले, उघडले, आणि तिला रडूच फुटलं. आता डावखुऱ्या माणसाचा गाल दस्त्याच्या दुसऱ्या बाजूला येतो. त्यामुळे गाल खोलीकडे ठेवायचा तर तिच्या नमुन्याचं नळीकडचं टोक उलट दिशेला करावं लागलं. बाकी सगळ्यांची टोकं खिडकीकडे, हिचं एकटीचं दाराकडे. "बायको आहे, उलटीच जाणार," दादा म्हणायचा.

तर असा हा माणूस एका रविवारी सकाळी, वहिनी देवपूजेला बसलेली असताना, शेडमध्ये जाऊन तेलाचा डबा उघडून बसला आणि तिथेच बाकावर डोकं टेकून गेला. हातात फडकं होतं. त्याच दिवशी पोलिसांना घेऊन खेरिट आला आणि कपाटातल्या बंदुका घेऊन गेला, कारण परवाना ज्याच्या नावाचा तोच राहिला नाही तर बंदुका घरात ठेवता येत नाहीत. लाकडाला कायद्याचं काही नाही. लाकूड राहिलं.

दहन झालं, दिवस झाले, एनस्खेडेतल्या मराठी मंडळींनी आळीपाळीने डबे आणले. तोवर शेडमध्ये आम्ही दोघी एकत्र गेलो नव्हतो. एका दुपारी वहिनी म्हणाली, चल, एकदा बघून येऊ. आत जवसाच्या तेलाचा वास तसाच होता. विम आणि डॉक्टरीणबाई भिंतीकडे तोंड करून. दादाचा स्वतःचा नमुनाही उलटा होता. तो वहिनीने केला असं मी धरून चालले, आणि तिने धरलं की मी. मग तिची नजर शेवटच्या खुंटीवर गेली. तिथे तिचा नमुना होता... पाठ आमच्याकडे, गाल भिंतीकडे.

"माझाही फिरवलाय त्यांनी," ती म्हणाली. नुसतं एवढंच, आणि पदराने त्यावरची धूळ पुसली.

ती घाबरली असती तर मला बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तयारी होती. दुसऱ्या दिवसापासून तिने आवराआवर काढली. साड्या कपाटातून काढून कुणाला कुठली ते ठरवू लागली, तुळस शेजारणीला देऊन आली, ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. मी गोळ्या हातात दिल्या की म्हणायची, "आता कशाला, वसू?" जेवण चिमणीएवढं. मी ओरडले, हातापाया पडले, हे सगळं थोतांड आहे म्हणाले. ती ऐकून घेई आणि माझ्या केसांवरून हात फिरवी, जाणारी ती आणि सांत्वन माझं. दादाला तर घालवून बसले होते, आता हिलाही डोळ्यांदेखत जाताना बघायचं, या विचाराने मी स्वयंपाकघरात तोंड दाबून रडत असे. नवऱ्याला सांगितलं, मी इतक्यात डेल्फ्टला येत नाही.

मग एक दिवस खेरिट पोलीस ठाण्यातली पावती द्यायला आला. त्याला शेडमध्ये जायचं होतं, मित्राला भेटल्यासारखं. मी बरोबर गेले. भिंतीवरचा एकेक नमुना बघत तो पुढे गेला आणि मग वहिनीच्या नमुन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मी नीट केला त्या दिवशी."

"नीट केला म्हणजे?"

"टोक दाराकडे होतं ना. दाराकडे टोक मेलेल्यांचं. पोलीस कपाटाची यादी करत होता, माझं लक्ष गेलं. शैला तर जिवंत आहे. म्हटलं, तिला तिकडे कशाला ठेवायचं? जिवंतांसारखं टोक खिडकीकडे करून टाकलं."

आम्ही गाल बघत होतो, हा बिचारा टोक बघत होता! नमुना उलटा फिरला की टोक दाराकडे जातं, हे त्याने बरोबर टिपलं होतं. फक्त डावखुऱ्या माणसाचं गणित त्याच्या डोक्यात आलं नाही. मला हसू यायला लागलं, आवरेना. "आणि दादाचा? तोही तूच फिरवलास?"

"नाही," खेरिट म्हणाला. "तो मी आलो तेव्हा उलटाच होता. मला वाटलं शैलाने केला."

माझं हसू तिथल्या तिथे विझलं. वहिनी त्या सकाळी डॉक्टर येईपर्यंत त्याच्या अंगावरून हात काढायला तयार नव्हती, आणि नंतर शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

आयुष्यभर जे मी कधी बोलले नसते ते मग मी बोलले. म्हणाले, "वहिनी, त्या सकाळी त्याने सगळ्यांना तेल लावलं. बघ, अजून चिकट आहेत. म्हणजे तुझाही उतरवला असणार, तोलला असणार. स्वतःचा हलका लागला, तो फिरवला. तुझा हातात घेतला आणि सरळ ठेवला. वहिनी, त्याने तुला सरळ ठेवलंय गं!" असं म्हणताना माझा त्याच्यावर विश्वास होता का? त्या क्षणी होता. पूर्ण होता.

वहिनी पुढे आली. नमुना उतरवून तिने डाव्या खांद्याला लावला, गाल टेकला, डोळे मिटले. पुष्कळ वेळ मिटलेलेच ठेवले. मग तो दोन्ही हातांवर घेऊन म्हणाली, "जड आहे." गाल खोलीकडे, टोक दाराकडे करून तिने तो खुंटीवर ठेवला, आणि त्या रात्री दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

आता मी डेल्फ्टला परतले आहे. गोळ्या चालू आहेत, तुळस परत आली आहे. रविवारी सकाळी वहिनी शेडमध्ये जाऊन सगळ्यांना तेल लावते, आणि त्यानंतर मी फोन करते. कशी आहेस, जेवलीस का, हे नंतर. आधी विचारते, "जड आहे ना?" "आहे गं बाई," ती म्हणते. शिकलेली बाई मी, पण ते ऐकल्याशिवाय माझ्या हाताला काम सुचत नाही.

परवाच्या रविवारी "आहे गं" म्हणून ती जरा थांबली. मला वाटलं फोन तुटला.

"वसू, आज यांचाही उतरवला," ती म्हणाली. "इतके दिवस धीर होत नव्हता... तोही जड लागतोय गं."

तेल लावून तिने तो परत कसा ठेवला, हे मी विचारलं नाही.