आईंनी निवडलेला कार्ब्युरेटर

रिटायर झाल्यावर सासऱ्यांनी गाडी बांधायला घेतली तेव्हा मी घरात नवीन होते. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, चाकं असं सगळं सुट्या भागांत टेम्पोतून आलं आणि मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडलं गेलं. इंजिन एका भंगारात निघालेल्या छोट्या गाडीचं. सगळं जुळून गाडी उभी राहायला काही वर्षं गेली. लाल, दोन सीटची, बिनछपराची. रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून बाबा ती आवारातल्या आवारात फिरवायचे. "आज कुठपर्यंत, बाबा? मीटरबॉक्सपर्यंत?" अशी मी चेष्टा करायचे आणि ते हसायचे. पण हार्टच्या ऑपरेशननंतर हा माणूस जिना उतरायचा तो फक्त या गाडीसाठी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दसरा जवळ आला तसं बाबांनी पूजेआधी साफ करायला म्हणून कार्ब्युरेटर खोलला. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मापात मिसळून देतो तो हा भाग. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून सगळे तुकडे ओळीने मांडले आणि ते बीपी तपासायला गेले. इकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरातली पितळी भांडी चिंचेने घासत होत्या. त्यांना कार्ब्युरेटरमधले ते इवलेसे पितळी जेट दिसले. बारीक भोकं, त्यातून पेट्रोल येतं, आणि वर काळपट राप. त्यांनी तेही घासले. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. पण स्टोव्ह घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी स्टोव्हची पिन त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतीच. ती घालून त्यांनी भोकंही मोकळी केली, चांगली फिरवून फिरवून.

"बघा, कसे लखलखतायत!" बाबा आल्यावर त्या म्हणाल्या.

बाबांनी एक जेट उजेडासमोर धरला. बराच वेळ धरला. जोडून पाहिलं तर भोकं रुंद झाल्यामुळे पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जायला लागलेलं. इंजिन भकभक करत काळा धूर ओकायला लागलं आणि बंद पडलं. इतक्या जुन्या कार्ब्युरेटरचे नुसते जेट मिळेनात. बाबांनी गाडीवर कव्हर ओढलं. "चालायचंच. वय झालं आता," एवढंच म्हणाले आणि वर आले. त्यानंतर ते खाली गेलेच नाहीत.

आठवडे गेले. एकदा भाजी चिरता चिरता आईंचे डोळे भरून आले. "ओरडले असते तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. "आमटीत मीठ जास्त पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस हा. मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे सोडूनच दिलंय त्यांनी सगळं." पण त्यावर त्यांना उपाय सुचला होता.

शनिवारी मैत्रिणीकडे जातो असं सांगून त्या मला घेऊन निघाल्या. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात तो जुना कार्ब्युरेटर. शीळफाट्याच्या पुढे जुन्या स्पेअरपार्टची दुकानं आहेत, तिथे.

दुकानदाराने आधी एक भलाथोरला काढला. "मावशी, हा घेऊन जा. व्हॅनचाय. थोडा जुगाड करून बसेल, पण पिकअप एकदम भारी!"

"इंजिन तेवढंच आहे ना? मग त्याला जास्त पाजून काय करू?"

मग त्याने नवा कोरा, चकाचक काढला. मी म्हटलं, घेऊन टाका, उशीर होतोय. आईंनी त्याचा मधला दांडा चिमटीत धरून हलवला. "आत्ताच डुगडुगतोय." शेवटी त्यांनीच ढिगातून एक तेलकट, काळाकुट्ट उचलला. दांडा घट्ट. बूड काउंटरच्या काचेवर ठेवून पाहिलं, जराही डुलत नव्हतं. आपल्या जुन्याशी सगळी भोकं जुळवून पाहिली. मी थक्क झाले. "इतकी वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?" त्या म्हणाल्या. दुकानदाराने सांगितलं, की बसवताना दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच बाजू दाबली तर बूड वाकतं. आईंनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. आम्ही खाली जाऊन कव्हर काढलं. आईंनी पदर खोचला, नवं पॅकिंग ठेवलं, कार्ब्युरेटर बसवला, नळ्या जोडल्या. मग पाना घेऊन एका बाजूचा नट आवळायला लागल्या. आवळतच राहिल्या.

"अहो आई, दुकानदाराने काय सांगितलं?"

"गप गं," त्या म्हणाल्या. त्यांची नजर वर गॅलरीकडे होती. पेपर खाली आला होता. त्यांनी पाना आणखी थोडा फिरवला.

"अगं ए! एकच बाजू काय आवळतेस? वाकेल तो! सोड! हात लावू नकोस!"

बाबा बनियनवरच जिना उतरून आले. पाना हिसकावून घेतला, नट सैल केला आणि मग दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत राहिले. तोंड चालूच होतं. कुणी सांगितलं उपद्व्याप करायला? कुठून आणलं हे? किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि मग लागलं. धूर नाही, भकभक नाही. बाबांनी स्क्रू जरासा फिरवून आवाज एकसारखा केला आणि आईंकडे वळले.

"आणि जेटमध्ये पिन घालतं का कुणी? आं? अक्कल गहाण ठेवली होतीस?"

सोसायटीतली माणसं खिडक्यांतून डोकावून बघायला लागली. आई गाडीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात काळे, गालांवरून पाणी वाहतंय, आणि तोंडभर हसू.

"बोला," त्या म्हणाल्या. "अजून बोला."